काट्याइतकीच टेपही महत्त्वाची

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. उंची १५२ सेंमी (साधारण पाच फूट) आणि वजन ५५ किलो असेल, तर उत्तर येते २३.८. पण उंची घेताना अंबाडा तसाच राहिला आणि टेपवर १५५ दिसले, तर तीच बाई २२.९ वर उतरते. भागाकार दोनदा होत असल्याने उंचीतली चूक जवळजवळ दुप्पट होते. म्हणून केस मोकळे सोडा, चप्पल काढा, टाचा भिंतीला टेकवा आणि डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करा. वजन सकाळी उपाशीपोटी करा, काटा चटईवर नको, फरशीवर हवा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन वाढलेले दिसते, ती चरबी नव्हे.

एवढी काटेकोर मापे घ्यायची, कारण आपली रेषा २३ वर आहे. जगभरच्या तक्त्यांत २५ पासून वजन जादा आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी हेच आकडे २३ आणि २५ आहेत. यामागचे कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार छान दाखवले. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बीएमआय तेवढाच, पण आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात.

ही पोटातली चरबी काट्यावर कळत नाही. त्यासाठी टेप. परकराची नाडी जिथे बांधतो, ती जागा बहुधा खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता कंबर मोजा. ८० सेंमी किंवा जास्त भरले, तर बीएमआय २२ असला तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. पाळी थांबल्यावर चरबी मांड्यांपेक्षा पोटाकडे जास्त साठू लागते, तेव्हा तर हे माप चुकवू नका.

गरोदरपणात हा हिशेब लावायचा नाही. तेव्हा आधीचा बीएमआय पाहून वजन किती वाढावे ते ठरते. आणि बीएमआय १८.५ च्या खाली असणे म्हणजे सडपातळ बांधा म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. अशा बाईने हिमोग्लोबिन तपासावे, गरोदर राहण्याआधी तर नक्कीच.

वजन उतरवायचे असेल तर आधी पाच टक्केच धरा: ६५ किलोला सव्वातीन किलो. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या अनेकींची पाळी तेवढ्यानेही सुधारते.