गर्भपिशवीत गाठ निघाली, पण त्रास काहीच नाही

पोटाची सोनोग्राफी बहुधा भलत्याच कारणासाठी होते: पित्ताचा खडा, मुतखडा, नाहीतर कंपनीचे हेल्थ चेकअप. रिपोर्ट हातात पडतो आणि खालच्या ओळीत दिसते, ‘इंट्राम्युरल फायब्रॉइड, 3.8 × 3.5 × 3.6 सेंमी’. इंदूरच्या गल्लीत घरी पोचेपर्यंत कुणीतरी “बच्चेदानी में गांठ है? निकलवा लो” असा निकालही देऊन मोकळे होते. ऑपरेशन करायचे की नाही हे तुम्ही आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायचे. आमचे काम फक्त सोनोग्राफीचे. पण ठरवताना आमच्याच रिपोर्टमधले आकडे पुढे केले जातात, म्हणून त्या आकड्यांचा अर्थ सांगणे आमच्याकडे लागते.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचाच घट्ट गोळा. तो कर्करोग नव्हे. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या पिशवीत लहानमोठी एखादी तरी गाठ असते, आणि पुष्कळजणींना ती जन्मभर कळतही नाही. पाळी कायमची थांबली की गाठी सहसा आक्रसतात. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सापडलेली, त्रास न देणारी गाठ आणि तिसाव्या वर्षी सापडलेली गाठ यांचा विचार म्हणूनच वेगवेगळा करावा लागतो.

रिपोर्टमध्ये आधी आकडा वाचू नका, जागा वाचा. ‘सबसिरोसल’ म्हणजे गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. ती बरीच मोठी होईपर्यंत गप्प राहू शकते आणि गर्भधारणेच्या आड सहसा येत नाही. ‘इंट्राम्युरल’ म्हणजे भिंतीच्या जाडीत. ‘सबम्युकोसल’ म्हणजे आतल्या पोकळीत डोकावणारी; ही दीड सेंटिमीटरची असली तरी रक्तस्राव वाढवू शकते आणि मूल राहण्यात अडथळा आणू शकते. बाहेरची सहा सेंटिमीटरची गाठ पुष्कळदा आतल्या दीड सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा बिनघोर असते. रिपोर्टमध्ये जागा लिहिलेली नसेल तर मागून घ्या. पोकळीला धक्का लागतो आहे की नाही हे साध्या सोनोग्राफीत नीट कळले नाही, तर पिशवीत थोडे सलाइन सोडून पुन्हा पाहता येते.

आता आकड्याकडे. “सहा महिन्यांत चाराची पाच झाली, फक्त एक सेंटिमीटर” असे म्हणतात, पण गाठ गोल असते. लांबी × रुंदी × उंची × 0.52 असा हिशोब केला तर चार सेंटिमीटरची गाठ सुमारे 33 घनसेंटिमीटर आणि पाचाची 65, म्हणजे जवळपास दुप्पट. याची उलट बाजूही पाहा. पडद्यावर मापाचे टोक तीन मिलीमीटर इकडेतिकडे ठेवले गेले आणि तिन्ही मापांत 4.0 च्या जागी 4.3 आले, तर घनफळ 24 टक्क्यांनी ‘वाढते’, आणि गाठ मात्र होती तेवढीच असते. मशीन बदलले, तपासणारा हात बदलला की एवढा फरक सहज पडतो. दोन केंद्रांचे रिपोर्ट शेजारी ठेवून “वाढली” म्हणण्याआधी तिन्ही मापे पाहा, आणि दुसऱ्या खेपेला शक्यतो त्याच ठिकाणी या. (आमचा धंदा वाढावा म्हणून हे सांगत नाही, पहिल्यांदा दुसरीकडे गेला असाल तर तिकडेच जा.)

‘पिशवी बारा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी झाली की काढा’ हा नियम अजून ऐकू येतो. तो सोनोग्राफी नव्हती त्या काळचा आहे. पिशवी तेवढी मोठी झाली की हाताने तपासताना अंडाशय चाचपता येत नसे, म्हणून डॉक्टर धोका पत्करत नसत. आता अंडाशय पडद्यावर दिसतो, त्यामुळे नुसत्या आकारासाठी पिशवी काढण्याचे ते कारण उरत नाही.

भरभर वाढली म्हणजे कर्करोग, ही भीतीही तपासून पाहावी. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाठ झपाट्याने वाढते म्हणून ऑपरेशन झालेल्या 371 बायकांपैकी एकीलाच सार्कोमा (गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग) निघाला. मात्र सोनोग्राफी शंभर टक्के खात्री देऊ शकत नाही. पाळी कायमची थांबल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त दिसले, तर ‘वाट पाहू’ म्हणू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो ‘त्रास काहीच नाही’ या तीन शब्दांत. अनेकींना त्रास असतो, पण अंगवळणी पडलेला असतो. एका पाळीचे पॅड मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तासाभरात पॅड भिजणे, रक्ताच्या अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या पडणे, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे, यातले काही असेल तर त्रास आहे, असेच समजा. हिमोग्लोबिन करून घ्या. 12 च्या खाली असेल तर ‘बिनलक्षणी’ हा शब्द मागे घ्यावा लागेल. गाठ मोठी असेल तर त्याच वेळी मूत्रपिंडेही पाहून घ्या. मूत्रनळीवर दाब आला तर मूत्रपिंड न दुखता सुजू शकते, आणि हे एक कारण त्रास नसतानाही ऑपरेशनकडे नेते. दुसरे कारण म्हणजे मूल हवे आहे आणि गाठ पोकळीत घुसलेली आहे. या दोन्हींपैकी काही नसेल, हिमोग्लोबिन चांगले असेल, तर थांबणे हाही उपचारच आहे. चूर्णाने किंवा काढ्याने गाठ विरघळल्याचे कुणी सांगितले, तर गाठी आपणहूनही कमी होतात हे लक्षात ठेवा.

ऑपरेशनचे म्हणाल तर फक्त गाठ काढली की पिशवी राहते, पण नव्या गाठी येऊ शकतात आणि पुढच्या बाळंतपणात सिझेरियन लागू शकते. पिशवी काढली की गाठींचा प्रश्न मिटतो; पण अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचे वय थोडे अलीकडे येऊ शकते. अंडाशयही काढले तर ते त्याच दिवशी येते, म्हणून ‘सोबत अंडाशय का काढताय?’ हे स्पष्ट विचारा. गरज नसताना पिशवी काढण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले म्हणून पहिल्यांनी रागावण्याचे कारण नाही.

थांबायचे ठरले तर साधारण सहा महिन्यांनी एकदा आणि गाठ तशीच असेल तर नंतर वर्षातून एकदा तपासणी पुरते. मध्येच एकाएकी पोटात जोराची कळ आली, उलट्या झाल्या किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट पाहू नका. देठावरची गाठ पिळली गेल्यास अशी कळ येते.

फक्त ओटीपोटाची तपासणी असेल तर उपाशी येऊ नका, पोहे-जिलबी खाऊन आलात तरी चालते. तासभर आधी चार ग्लास पाणी पिऊन लघवी थोपवा; महू-देवासहून येणाऱ्यांनी पाणी इथे येऊन प्यावे, बसमध्ये हाल नकोत. आठ ग्लास पिऊ नका, अति भरलेले मूत्राशय पिशवीला ढकलते आणि मापे बिघडतात. आतून (योनीमार्गातून) तपासणी असेल तर उलट लघवी करून यायचे. पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसांत आलात तर अस्तर पातळ असते आणि आतली गाठ स्पष्ट दिसते. जुने सगळे रिपोर्ट आणा. आणि थर्मल कागदावरचे फोटो लॅमिनेट करू नका: उष्णतेने पूर्ण काळे पडतात, पुढच्या वेळी तुलना करायला हातात काळा प्लॅस्टिकचा तुकडा उरतो. मोबाइलने फोटो काढून ठेवा, झेरॉक्स काढा, मूळ कागद सावलीत ठेवा.