तीन अक्षरांत उरलेली कंपनी

शेअरपॉइंट हे मायक्रोसॉफ्टचं, कचेऱ्यांच्या फाइली आणि अंतर्गत साइट ठेवायचं सॉफ्टवेअर. त्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना वेब पत्त्यातला ‘अंडरस्कोर व्हीटीआय अंडरस्कोर बिन’ हा तुकडा तोंडपाठ असतो. त्यातलं व्हीटीआय म्हणजे व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इनकॉर्पोरेटेड. चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ही कंपनी काढली. वेब पेज बनवायचं ‘फ्रंटपेज’ हे सॉफ्टवेअर तिचंच. जानेवारी १९९६ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. पुरती दोन वर्षंही ती स्वतंत्र राहिली नाही.

तेव्हा वेब पेज करणं म्हणजे एचटीएमएलचे टॅग, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणा, हाताने टाइप करायचे, एफटीपी या फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल सर्व्हरवर चढवायची आणि ब्राउझरमध्ये उघडून काय बिघडलं ते बघायचं. साधा अभिप्रायाचा फॉर्म हवा असला तरी सर्व्हरवर वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. खरं तर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि लिहिताही येई. १९९३ च्या मोझेइक या ब्राउझरने वेब लोकांपर्यंत नेलं, पण त्यात फक्त वाचायची सोय होती. लोकांच्या हातची लेखणी गेली ती तिथे, असं मला वाटतं.

व्हर्मीरचं फ्रंटपेज १९९५ मध्ये आलं. टॅग न लिहिता पान मांडता येणं ही त्याची दिसणारी बाजू. मला जास्त मोलाची वाटते ती न दिसणारी. या सॉफ्टवेअरचे दोन भाग होते: एक तुमच्या कॉम्प्युटरवर, दुसरा सर्व्हरवर. या दुसऱ्या भागाला ‘सर्व्हर एक्स्टेन्शन्स’ म्हणत. ब्राउझर ज्या एचटीटीपी या पद्धतीने सर्व्हरकडून पान मागवतो, त्याच वाटेने फ्रंटपेज बदललेलं पान परत पाठवी आणि सर्व्हरवरचा जोडीदार ते जागेवर ठेवी. फॉर्म, शोध, भेटींचा आकडा ही कामंही तोच करी.

समजा, वीस पानांवरून ‘संपर्क’ या पानाला लिंक दिल्या आहेत आणि त्या फाइलचं नाव बदललं. हाताने काम करणारा वीस फाइली उघडणार आणि एखादी हमखास विसरणार. फ्रंटपेज प्रत्येक पानाची माहिती व्हीटीआय नावाच्याच आणखी एका फोल्डरमध्ये टिपून ठेवी. कोणतं पान कुठे जोडलंय हे त्याला ठाऊक असल्याने सगळ्या लिंक ते स्वतःच दुरुस्त करी.

याची किंमतही होती. त्याने लिहिलेलं एचटीएमएल फुगलेलं असे, आणि सर्व्हरवर एक्स्टेन्शन्स नसतील तर साइटचे अर्धे अवयव लुळे पडत. जाणकार डेव्हलपर नाकं मुरडत, ते उगाच नव्हे. पण एचटीएमएलचा गंध नसलेल्या कितीतरी माणसांनी आपलं पहिलं पान याच्याच आधाराने उभं केलं.

फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. २००६ मध्ये ते बंद झालं. फर्ग्युसन माहितीपटांकडे वळले आणि २०११ मध्ये त्यांनी ऑस्करही मिळवलं. सर्व्हर एक्स्टेन्शन्सच्या पायावर मात्र सुरुवातीचं शेअरपॉइंट उभं राहिलं आणि फोल्डरचं जुनं नाव त्यासोबत आलं. आता ते बदलायचं, तर त्या पत्त्यावर विसंबलेले किती प्रोग्राम अडतील कोण जाणे. अशा तुटणाऱ्या लिंक सांधायलाच तर फ्रंटपेज लिहिलं होतं.