डिझेल गाडीच्या मॅनिफोल्डमधला काळा चिखल

पेट्रोल पंपाच्या काउंटरवर किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डिझेल क्लीनरची बाटली मिळते, टाकीत ओता, टाकी फुल करा, कार्बन साफ. इंजेक्टरच्या तोंडाशी बसलेल्या थरावर तिचा थोडाफार उपयोग होतोही, अगदीच थोतांड नाही ते. पण ज्या कार्बनमुळे गाडीचा पिकअप जातो, चढावर काळा धूर निघतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो तो बरेचदा इनटेक मॅनिफोल्डमधे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधे असतो, आणि तिथे त्या बाटलीतला एक थेंबही पोचत नाही. कारण डिझेल त्या वाटेने जातच नाही. कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने थेट सिलिंडरमधे फवारलं जातं, मॅनिफोल्डमधून जाते ती हवा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडेच हवेत मिसळतं, त्यामुळे ते जाताजाता व्हॉल्व्हची मागची बाजू धुवून काढतं. डिझेलच्या नशिबात ते नाही.

मग नुसती हवा जाते तिथे एवढी घाण आली कुठून? तर दोन नळ्या येऊन मिळतात म्हणून.

पहिली नळी ईजीआरची, म्हणजे सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत फिरवून इंजिनलाच पाजायचा. ऐकायला वेडेपणा वाटतो पण त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. सिलिंडरमधला जाळ साधारण दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे गेला की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, म्हणजे नॉक्स. तापमान थोडं वाढलं तरी नॉक्स झपाट्याने वाढतं. परत आणलेल्या धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड नि वाफ जास्त, हे वायू उष्णता शोषून घेतात, जाळाचा तडाखा उतरतो, नॉक्स घटतं. मुंबईत बीएस-4, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचा सरकारी नियम, आला 2010 साली, तेव्हा डिझेल कारला किलोमीटरमागे 0.25 ग्रॅम नॉक्सची मुभा होती, 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 मधे ती 0.08 ग्रॅमवर आली. ईजीआर ही कंपन्यांनी हौसेने लावलेली भानगड नाही.

दुसरी नळी ब्रीदरची. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली इंजिन ऑइलच्या चेंबरमधे निसटतोच, नवीन इंजिनातही. तो ऑइलचं बारीक धुकं घेऊन वर येतो, आणि ते उघड्यावर सोडायची परवानगी नाही म्हणून टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, आधी इनटेकमधेच सोडून देतात.

म्हणजे एकीकडून कोरडी काजळी, दुसरीकडून तेलाचं धुकं, आणि दोघांची गाठ पडते मॅनिफोल्डच्या थंड भिंतीवर. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो, नखाने खरवडला तरी पुरता निघत नाही, तोच प्रकार. एकटी काजळी बरीचशी वाऱ्याबरोबर उडून गेली असती, एकटं तेल वाहून जळून गेलं असतं, दोघं एकत्र आले की ठाण मांडून बसतात.

काजळी भिंतीकडेच का ओढली जाते हे मला जास्त मजेदार वाटतं. तिचे कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. गरम गॅस आणि थंड भिंत यांच्यामधे असा कण सापडला की गरम बाजूचे रेणू त्याला जास्त जोराने धडका देतात, थंड बाजूचे कमी, त्यामुळे कण हळूहळू भिंतीकडे ढकलला जातो. याला थर्मोफोरेसिस म्हणतात. जॉन टिंडलने 1870 मधे तापलेल्या वस्तूभोवती धूळ नसलेला पट्टा दिसतो हे नोंदवलं होतं, तेच तत्त्व. ईजीआर कूलर, म्हणजे तो परत आणलेला धूर गार करणारा भाग, चोंदतो तो यामुळेच.

आता मुंबईची गंमत. ईजीआरचा व्हॉल्व्ह कायम सारखा उघडा नसतो, पूर्ण जोर लावला की तो बंद होतो कारण तेव्हा इंजिनला हवा हवी असते, आणि हलक्या लोडवर, रमतगमत चाललं असताना तो भरपूर उघडतो, आत जाणाऱ्या हवेत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत धूर असू शकतो. साकीनाक्याला सकाळी साडेनऊला पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे सरकणारी गाडी म्हणजे बरोब्बर हीच अवस्था, त्यात एसी चालू, आणि जेमतेम चारपाच किलोमीटर जायचं असलं तर इंजिन नीट तापायच्या आत ऑफिस आलेलं असतं. तीच गाडी रोज पनवेलहून पुण्याला गेली तर थर कितीतरी हळू जमतो.

म्हणून लोक सांगतात की महिन्यातून एकदा एक्सप्रेसवेवर पिळून काढा, खंडाळ्याचा घाट तिसऱ्या गिअरमधे चढवा, कार्बन जळून जाईल. अर्धं खरं. डीपीएफ असलेल्या गाडीत धुराचा फिल्टर त्याने नक्की मोकळा होतो, कारण एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास गेला की तिथली काजळी जळते. मॅनिफोल्डमधे मात्र इंटरकूलरमधून (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून) आलेली हवा असते, पन्नाससाठ अंशांची, धूर मिसळून थोडी जास्त, तिथे काजळी जळायचा प्रश्नच नाही. घाटात नवीन थर बसत नाही एवढंच, जुना आहे तिथेच. आणि याच कारणाने गॅरेजमधे तास-अर्धा तास हायड्रोजन सोडून "डिकार्बनायझिंग" करून देतात त्याबद्दलही मी साशंक आहे, हायड्रोजन जळणार सिलिंडरमधे, मॅनिफोल्डची भिंत तशीच गार.

थर जमला की नुकसान किती? समजा 40 मिलिमीटरच्या भोकात सगळीकडून 8 मिलिमीटर थर बसला. उरलं 24 चं भोक, दिसायला निम्म्याहून जास्त, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं, म्हणजे वाट उरली फक्त 36 टक्के. दीड लिटरचं इंजिन 2000 आरपीएमला मिनिटाला साधारण दीड हजार लिटर हवा ओढू बघतं, टर्बो असेल तर त्याहून जास्त, ती एवढ्याशा भोकातून यायची. हवा कमी पडली की जाळ अपुरा, काजळी जास्त, ती परत ईजीआरमधून त्याच भोकात. त्यात मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर काजळीने माखला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरलाही चुकीचा आकडा जातो.

साफ करायचं तर खोलूनच. चालू इंजिनच्या इनटेकमधे स्प्रे मारायचे व्हिडिओ खूप आहेत, डिझेलमधे ते मला जुगार वाटतं. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, सिलिंडरमधे जळण्यासारखं काहीही गेलं की ते दाबानेच पेटतं, मग सॉल्व्हंट असो की ऑइल. जास्त गेलं तर किल्ली बंद केली तरी इंजिन स्वतःच्या मनाने पळत सुटतं. आणि द्रव दाबला जात नाही, एका सिलिंडरमधे घोटभर साठला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

खोलल्यावर आधी बघायचं की थर ओला आहे की कोरडा. कोरडा, भुसभुशीत, पापुद्रे निघणारा असेल तर काजळीचं पारडं जड, ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का तपासा. ओला, तेलकट, बोटाला लागून तार ओढणारा असेल तर ब्रीदरचा ऑइल सेपरेटर, टर्बोचं सील, नाहीतर ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का ते बघा. हे न बघता नुसतं धुतलं तर काही महिन्यांनी परत तेच.

धुताना एक लक्षात ठेवा, काजळी कशातच विरघळत नाही, विरघळतं ते तिला धरून ठेवणारं तेल. म्हणून डिग्रीझरमधे भिजत ठेवायचं, तेल सुटलं की लाकडी पट्टीने खरवडायचं, ब्रश, परत भिजवणं, कंटाळवाणं काम आहे. कॉस्टिक सोड्याने लवकर होतं म्हणून काहीजण त्याच्या गरम पाण्यात बुडवतात. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा असेल तर हे अजिबात नको. जोरात फसफस होते, बुडबुडे येतात, वाटतं की वा काय घाण निघतेय, पण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि विरघळत असतो मॅनिफोल्ड. गॅस्केट बसायची जागा खडबडीत झाली की हवा लीक. शिवाय हायड्रोजन पेट घेणारा. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला तर गॅसची शेगडी, हीट गन काहीच दाखवायचं नाही.

हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या बाजूची भोकं साफ करताना त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह बंद आहेत ना हे क्रँक हाताने फिरवून आधी बघायचं, बाकीच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबायची, ती मोजून ठेवायची. डिझेलमधे वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा, कडक खडा आत पडला तर बाहेर यायचा रस्ता टर्बोतून आहे. आणि ते काळं पाणी गटारात ओतू नका, कुर्ल्याची गटारं जातात मिठीला.

एवढा व्याप बघून उस्ताद म्हणतो, "साहेब, ईजीआरला प्लेट मारून देतो, कटकटच नको." प्लेट मारली, म्हणजे ती नळीच बंद केली, की काजळी खरंच थांबते, धूरही कमी दिसतो, आणि पीयूसीमधे गाडी आणखी छान पास होते, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणाच मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. ते वाढलेलं नॉक्स डोळ्यांना दिसत नाही, पण उन्हात त्याचाच ओझोन होतो आणि तो छातीत जातो, आपल्याच. शिवाय बीएस-6 गाडीचा ईसीयू बहुधा प्लेट ओळखतो आणि इंजिनचा जोर काढून घेतो.

काही नव्या इंजिनांत कंपन्यांनी यावर चांगला तोडगा काढलाय, ईजीआरचा धूर टर्बोच्या आधी न घेता डीपीएफमधून बाहेर पडल्यावर घ्यायचा, तो तिथवर गाळून आलेला असतो, काजळी जवळपास नसतेच. तेलाचं धुकं मात्र अजून येतंच, पण चिकटायला जोडीदार नसल्यामुळे ते जास्तकरून इंटरकूलरच्या तळाशी साठतं, तेव्हा अशा गाडीत होजपाइप काढून आधी तिथे बघायचं.