मानसशास्त्रातील पीएच.डी. प्रशिक्षण

मानसशास्त्र व मानसिक आरोग्य या क्षेत्रांत स्वतंत्र संशोधन करता यावे म्हणून मार्गदर्शकाच्या हाताखाली घेतले जाणारे आणि प्रबंध व मौखिक परीक्षेने पूर्ण होणारे शिक्षण.

या प्रशिक्षणाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी परंपरेत पहिला मान सामान्यतः जी. स्टॅन्ली हॉल यांच्या हार्व्हर्डमधील पीएच.डी.ला (1878) मिळतो. ती तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांकडून मिळाली असली, तरी स्नायूंद्वारे होणारे अवकाशाचे ज्ञान हा प्रबंधविषय मानसशास्त्राचाच होता. काही अभ्यासक जोसेफ जॅस्ट्रो यांची जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पदवी (1886) पुढे करतात. तथापि पदवीपेक्षा प्रशिक्षणपद्धती महत्त्वाची मानल्यास जर्मनीतील लाइपसिक विद्यापीठाचा दावा अधिक सबळ ठरतो. मानसशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म वुंट यांच्या तेथील प्रयोगशाळेचे स्थापनावर्ष 1879 हे संकेताने मानले जाते. विद्यापीठाची रीतसर मान्यता काही वर्षांनंतरची. वुंट यांचे विद्यार्थी माक्स फ्रीड्रिख यांनी 1879-80 च्या हिवाळ्यात केलेल्या प्रयोगांवर 1881 मध्ये प्रबंध सादर केला. उद्दीपकाची (प्रकाश, आवाज यांसारख्या संवेदना जागवणाऱ्या गोष्टीची) जाणीव होण्यास लागणारा वेळ ते हिप कालमापकाने सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत. विषय वुंट वाटून देत आणि विद्यार्थी आळीपाळीने प्रयोगकर्ता व प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग केला जातो तो) होत. संशोधन एकमेकांच्या सोबतीने शिकण्याची ही रीत पुढे सर्वत्र पसरली.

स्त्रियांना मात्र हे दार सहज उघडले नाही. मेरी कॅल्किन्स यांनी परीक्षकांचे पूर्ण समाधान करूनही हार्व्हर्डने त्यांना पदवी नाकारली. मार्गारेट वॉशबर्न यांना ती कॉर्नेलने 1894 मध्ये दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनोविकारग्रस्त सैनिकांच्या उपचारांसाठी मनुष्यबळ अपुरे पडू लागले. बोल्डर (कोलोरॅडो) येथील 1949 च्या परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मनोविकारांचे निदान व मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) हा संशोधक व उपचारक दोन्ही असावा, असे ठरविले. व्हेल (कोलोरॅडो) येथील परिषदेने (1973) साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) या उपचारप्रधान पदवीला पाठिंबा दिला.

भारतात कलकत्ता विद्यापीठात स्वतंत्र विभाग 1915 च्या सुमारास (काहींच्या मते 1916) सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस यांना दमनाच्या (नकोसे विचार जाणिवेबाहेर दडपण्याच्या) संकल्पनेवरील प्रबंधासाठी तेथे 1921 मध्ये डी.एस्सी. (डॉक्टर ऑफ सायन्स) ही पदवी मिळाली. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने (1954, पुढे निम्हान्स) या प्रशिक्षणाला रुग्णालयाची जोड दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान 3, कमाल 6 वर्षे असून कोर्सवर्क (संशोधनपद्धती इत्यादींचा नेमलेला अभ्यासक्रम) सक्तीचे आहे. मानसशास्त्रातील पीएच.डी.मुळे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून आपोआप नोंदणी होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता लागते.