मणी कातताना स्क्यूचं लांब टोक की आखूड टोक?

स्क्यू म्हणजे लेथवर फिरत्या लाकडाला आकार देणारी पटाशी, आणि मणी म्हणजे त्या लाकडावर काढायचा गोल फुगवटा. स्क्यूला धार एक पण टोकं दोन, आणि सगळा घोळ तिथेच होतो. धार तिरकी असते, पटाशीच्या कडेशी साधारण 70 अंशांत, त्यामुळे एक टोक पुढे आलेलं अणकुचीदार आणि दुसरं मागे राहिलेलं, जरा पसरट. पटाशी उलटी धरली की झालं, काम तेच, असं मला वर्षभर वाटत होतं आणि त्या वर्षात स्टुलाच्या पायांवर मण्यांपेक्षा आटेच, म्हणजे पटाशी सटकून पडलेले स्क्रूसारखे ओरखडे, जास्त पडले.

लांब टोक चिरतं, आखूड टोक उतरवतं, हा खरा फरक.

आधी चिरायचं. पेन्सिलीने दोन रेघा, मधे मणी. पटाशी अरुंद कडेवर उभी, लांब टोक खाली, मूठ खालून सुरू करून हळूहळू उचलायची म्हणजे टोक कमानीसारखं लाकडात उतरतं आणि आडवे तंतू स्वच्छ कापले जातात. इथे लाकडाला फक्त टोक लागलं पाहिजे, टोकामागची धार नाही. पटाशी चरीच्या भिंतीला अगदी सपाट लावलीत तर ती लांबच लांब धार एकदम लाकूड पकडते आणि पटाशी हातातून खेचली जाते, म्हणून धार भिंतीपासून अगदी किंचित, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच, कलती ठेवायची. एका दमात खोल जाऊ नका, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असं पातळ पातळ काढत चर रुंद करा, नाहीतर टोक दोन्हीकडून आवळलं जाऊन तापतं आणि त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं.

आता आखूड टोक, मणी गोल करायचं खरं काम याचं. मण्याच्या माथ्यावर आधी नुसता बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, टेकवायचा, काही कापलं जात नाहीये ना बघायचं, मग मूठ केसभर उचलायची की बारीक ढलपी सुटायला लागते. तिथून पुढे मूठ पिळायची, वर उचलायची आणि ज्या बाजूला मणी उतरतोय त्या बाजूला न्यायची, हे तिन्ही एकदम. खाली चरीत पोचेपर्यंत पटाशी कडेवर उभी झालेली असते. या सगळ्या प्रवासात आखूड टोकालगतची फक्त 2-3 मिमी धार कापते, बाकीची हवेत.

ती 2-3 मिमीची गोष्ट मला कुणी सांगितली असती तर बरीच लाकडं वाचली असती. पिळणं मागे पडलं की कापण्याची जागा टोकाकडून धारेच्या मधे सरकते, खाली बेव्हलचा आधार राहत नाही, आणि पटाशी सर्रकन उलटी मण्यावर चढते, आणि जाताना छान आटे पाडून जाते. आपल्याला वाटतं टोक रुतलं, म्हणून आपण घाबरून टोक आणखी लाकडापासून लांब ठेवतो, म्हणजे नेमकं उलटं करतो! मी शेवटी मार्करने आखूड टोकाजवळची 3 मिमी धार सोडून बाकी सगळी काळी केली. एक मणी उतरवला की बघायचं, काळं पुसलं गेलं असेल तर हात चुकतोय.

दुसरी युक्ती, लेथ बंद ठेवून पटाशी आधी शेवटच्या जागी, चरीत उभी धरा, पाय आणि कोपर तिथे आरामात बसू देत, मग उलटं माथ्यापर्यंत या. सुरुवात थोडी अवघडलेली चालते, शेवट अवघडलेला चालत नाही. डावा उतार उजव्या हाताच्या माणसाला जडच जातो, तिथे सराव दुप्पट.

मग लांब टोकाने मणी होतच नाही का? होतो की. पटाशी उलटी करून लांब टोक उताराकडे ठेवायचं, टोक डोळ्यासमोर दिसत राहतं, आणि दोन मण्यांमधल्या खोल बारीक चरीत आखूड टोकापेक्षा हेच नीट पोचतं. शिसमावर याचा कापही झकास येतो, पॉलिश पेपर लावायची इच्छा होत नाही. पण चुकीला माफी फार कमी. माझं मत विचाराल तर पहिले शंभर मणी आखूड टोकानेच.

आणि नवीन स्क्यूच्या खालच्या कडा काटकोनी धारदार असतील तर त्या आधी घासून गोल करून घ्या, नाहीतर टूल रेस्टला, म्हणजे पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीला, खाचा पडतात आणि पटाशी पिळताना मधेच अडखळते. मी सहा महिने हाताला शिव्या घालत होतो, दोष त्या कडांचा निघाला.