कोकणचा जांभा आणि पृथ्वीची हवा

जांभा म्हणजे कोकणात घराच्या भिंतींना, गडग्यांना, विहिरींना दिसतो तो तांबडा, भोकाभोकांचा दगड. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, याचेच, चिरेखाणीतून निघणारे चिरे पण याचेच. ताजा कापलेला चिरा जरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो.

बहुतेक ठिकाणी मूळ खडक काळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतल्या मुळा-जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, असं पाणी लाखो वर्षं मुरत राहिलं की सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुपून जातं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे उरतं, त्यातलं लोखंड प्राणवायूमुळे गंजतं म्हणून हा तांबडा रंग.

आणि हा प्राणवायू जिवांनीच दिलेला आहे! पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षांच्या आसपास, त्यातली सुरुवातीची २०० कोटी वर्षं हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी तो बनवला, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठायला लागला, आज २१ टक्के आहे. त्याआधी असाच पाऊस पडला असता तरी लोखंड विरघळून वाहून गेलं असतं, तांबडा जांभा झालाच नसता.

त्याच सायनोबॅक्टेरियांचे वंशज आजही सड्यावर आहेत, उन्हाळ्यात काळपट वाळकी खपली दिसते ती पावसात भिजून फुगते, हिरवट होते. मग कोकण दीपकाडी, गेंद, सीतेची आसवं फुलतात. अशा सड्यांना बरेचदा पडीक म्हणतात, ते मला तरी साफ चुकीचं वाटतं.

धुपलेलं कॅल्शियम वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांतून समुद्रात जातं, तिसऱ्या-कालवं त्याच्या शिंपल्या करतात आणि त्यात कार्बन अडकतो. खडक झिजून हवेतला कार्बन असा कमी होत राहतो म्हणून पृथ्वी लाखो वर्षांच्या हिशेबात फार तापत नाही. शुक्रावर पाणीच उरलं नाही, त्यामुळे तिथे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ४६० अंशांच्या घरात तापमान.

मंगळाचा तांबडा रंगसुद्धा गंजलेल्या लोखंडाचाच, पण तिथली हवा आता आपल्या एक टक्क्याहून विरळ आहे. तरी २०२१ साली उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवरात केओलिनाइटचे दगड सापडलेत, आपल्याकडे जांभ्याच्या थराखाली पांढरी माती मिळते तेच हे खनिज. म्हणजे मंगळावरही कधीकाळी खडकात पाणी बराच काळ मुरत असणार.