पार्श्वभूमी : सिकलसेलचं जनुक आणि ‘सौम्य’ हा शिक्का

एखाद्या आजाराचं मूळ प्रथिनातल्या एकाच बदलापर्यंत पहिल्यांदा नेऊन भिडवलं गेलं ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत. १९१० साली शिकागोत एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सापडल्याची नोंद झाली. १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धतीत) रुग्णांचं हिमोग्लोबिन निराळ्या वेगाने सरकतं हे दिसलं. १९५६-५७ मध्ये ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या विकराने) हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरले, तेव्हा तीसेक ठिपक्यांपैकी एकच जागचा हललेला होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. (आजच्या जनुकीय अहवालात हाच बदल ‘सातव्या’ जागी लिहितात, कारण आता सुरुवातीचं, नंतर कापलं जाणारं मेथिओनिनही मोजतात. असा अहवाल पाहून दुसराच दोष आहे असं समजू नये.)

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरकडून मध्य भारतातल्या वाहकांची (एकच दोषी जनुक असलेल्यांची) नोंद प्रसिद्ध झाली. पुढे गडचिरोली, चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत तो पसरलेला दिसला.

खरा गुंता १९८० च्या दशकातला. एकाच बदलाचे दोन रुग्ण इतके वेगळे का, हे शोधताना अकराव्या गुणसूत्रावर बीटा जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासल्या गेल्या. आफ्रिकेत या खुणांचे काही ठरावीक संच सापडले. ओडिशात आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागात मात्र निराळाच संच निघाला, त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात गर्भ हिमोग्लोबिनची साखळी बनवणाऱ्या गॅमा जनुकाच्या अलीकडे १५८ व्या जागी एक बदल असतो, आणि त्याच्यासोबत जन्मानंतरही गर्भ हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, बऱ्यापैकी टिकून राहतं. एस हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेलमधलं बदललेलं हिमोग्लोबिन, प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब धागे बनवतं, आणि एफ त्या धाग्यांत नीट बसत नाही. म्हणून एफ जास्त तर त्रास कमी, हा तर्क पक्का आहे.

१९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना प्रसिद्ध झाली. ओडिशात एफ जास्त, अल्फा थॅलसेमियाची (अल्फा साखळी कमी बनवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) जोड जास्त, पायावरचे व्रण कमी, प्लीहा मोठेपणीही वाढलेली. तिथून ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य रूढ झालं आणि पाठ्यपुस्तकांतून, ओपीडीतून फिरत राहिलं. त्याच तुलनेत वेदनेचे झटके आणि लहान मुलांच्या हातापायांची सूज दोन्हीकडे नेहमीची होती, हे मात्र मागे पडलं.

हा शिक्का चुकीचा होता, आणि तो कुठे चुकला हे नीट पाहायला हवं. एक म्हणजे एफची टक्केवारी ही सरासरी असते. वीस टक्के एफ सगळ्या पेशींत सारखं वाटलेलं असेल तर फायदा मोठा. तेच निम्म्या पेशींत गोळा झालं असेल तर उरलेल्या निम्म्या पेशी विळ्यासारख्या होणारच, आणि नेहमीच्या अहवालात हा फरक दिसतच नाही. दुसरं, अल्फा थॅलसेमियाचं प्रमाण समाजागणिक बदलतं. तो असेल तर पेशीतलं हिमोग्लोबिन विरळ होतं, धागे सावकाश बनतात. ओडिशाच्या किंवा दक्षिण गुजरातच्या आदिवासींचा निष्कर्ष विदर्भातल्या प्रत्येक समाजाला लागू होत नाही. तिसरं आणि सगळ्यात गंभीर म्हणजे, दवाखान्यात मोजले जातात ते तिथवर पोचलेले रुग्ण. निदानाआधीच तापाने किंवा प्लीहेत अचानक रक्त साठून दगावलेलं बाळ कुठल्याच यादीत येत नाही.

नागपूरच्या बालरुग्णांतून पुढे वेगळंच चित्र आलं : एफ चांगलं असूनही वारंवार भरती, रक्त चढवणं, छातीचा तीव्र त्रास. २०१२ मध्ये तिथल्याच एफ जास्त असलेल्या मुलांवरच्या प्लॅसिबो-नियंत्रित चाचणीत हायड्रॉक्सियुरिया हे एफ वाढवणारं औषध दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज घटवणारं ठरलं. आजार खरंच सौम्य असता तर घटवायला एवढं काही उरलंच नसतं.

दरम्यान २००७-०८ मध्ये एफचं प्रमाण ठरवणारं आणखी एक जनुक क्रमांक २ च्या गुणसूत्रावर सापडलं, बीसीएल११ए. त्याचं प्रथिन गॅमा जनुक बंद ठेवतं. रक्तपेशींपुरता त्याचा चालक भाग कापून एफ पुन्हा सुरू करणारा क्रिस्पर (जनुक कापून बदलण्याच्या तंत्राचा) उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यासाठी स्वतःच्या मूळपेशी काढून घ्याव्या लागतात आणि बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. तालुक्याच्या रुग्णालयासाठी ही अजून दूरची गोष्ट आहे.

तिथे आजही पहिली पायरी सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीच. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या मोहिमेत ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, तिचा मोठा भार अशाच साध्या चाचण्यांवर आहे. डायथिओनाइट (प्राणवायू काढून घेणारं रसायन) असलेल्या २ मिलिलिटर द्रावणात ०.०२ मिलिलिटर रक्त, पाच मिनिटं थांबून नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचं. रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पण एएस (वाहक) की एसएस (रुग्ण), हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार यंत्रावर वेगळे करून मोजणारी चाचणी) हवंच. डायथिओनाइट हवेने खराब होतं आणि मग खरा रुग्णही निगेटिव्ह येतो, म्हणून दर खेपेला माहीत असलेला एक एएस आणि एक एए (निर्दोष) नमुना सोबत लावायचा. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं. नुकतंच रक्त चढवलेला एसएस रुग्ण एचपीएलसीवर एएससारखा दिसतो. त्याची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, नाहीतर हाती वाहकाचं कार्ड पडतं आणि औषध बंद होतं.

सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी चालत नाही, कारण रक्तात अजून बहुतेक एफच असतं. पेनिसिलिन मात्र दोन-तीन महिन्यांच्या वयापासून सुरू व्हायला हवं; त्याने न्युमोकोकस या जिवाणूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो हे १९८६ मध्येच सिद्ध झालं होतं. म्हणून नवजात बाळाच्या टाचेचं रक्त कागदावर टिपून एचपीएलसी करावी लागते. एफएएस (एफ, साधं ए आणि एस तिन्ही) आलं तर बाळ वाहक, ए नसून नुसतं एफएस आलं तर पेनिसिलिन लगेच सुरू करायचं, आईवडील दोघांची तपासणी करायची आणि वर्षाच्या आसपास बाळाची चाचणी पुन्हा करून निदान पक्कं करायचं.